कॉफी हाऊस कुणाचं?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या प्रभागातल्या एका गटाची बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली. एरवी नऊला सगळ्या घरी जातात. त्या दिवशी कुणी उठेना.

या गटात अकरा जणी. एसटीच्या थांब्याजवळ एका जुन्या वाड्याच्या दर्शनी दोन खोल्या घेऊन त्यांनी चहा-नाश्त्याचं केंद्र सुरू केलं होतं. खोल्या घेतल्या तेव्हा छप्पर गळत होतं आणि भिंतींना पोपडे आले होते. गटाच्या कर्जातून पत्रे बदलले, ओटा बांधला, नळ घेतला. दोन वर्षांत मिसळ खायला शेजारच्या गावची माणसं येऊ लागली. मग एक दिवस मालकांचा निरोप आला, महिन्याभरात जागा मोकळी करा. लेखी काहीच नव्हतं. भाडं हातात दिलेलं, बोलणं तोंडी झालेलं.

बैठकीत एक आक्का म्हणाल्या, "इमारत त्यांची हे कबूल. पण दुकान कुणाचं?"

तेवढ्यात रोज पहाटे पाचला येऊन चूल पेटवणाऱ्या तिघींपैकी एक जण म्हणाली, "ते मालकांना नंतर विचारू. आधी आपल्यात ठरवा. आम्ही तिघी राबतो आणि नफ्याचे भाग अकरा होतात. मग दुकान कुणाचं?"

सगळ्या गप्प झाल्या. आम्हालाही त्या रात्री उत्तर देता आलं नाही. पण त्या प्रश्नावरून एका जुन्या कॉफी हाऊसची गोष्ट आठवली. पुढच्या बैठकीत ती आम्ही त्या गटाला सांगितली. आज तुम्हाला सांगतो. शेवटी त्या अकरा जणींचं काय झालं तेही सांगू.

पुस्तकांच्या गल्लीतला दिवाणखाना

हे कॉफी हाऊस कोलकात्यात आहे. तिथं कॉलेज स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं, फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ठेले. जवळच पूर्वीचं प्रेसिडेन्सी कॉलेज, म्हणजे आताचं प्रेसिडेन्सी विद्यापीठ, आणि कोलकाता विद्यापीठ. त्या गर्दीत एक जुनी इमारत आहे. खाली दुकानं आहेत. जिना चढून वर गेलं की एकदम मोठं दालन लागतं. छत इतकं उंच की पंखे लांब दांड्यांना लटकवलेले आहेत. वर सज्जा आहे, तिथंही टेबलं मांडलेली. वाढपी पांढऱ्या गणवेशात असतात, डोक्यावर तुऱ्याची पगडी. बिनदुधाच्या काळ्या कॉफीला तिथं 'इन्फ्यूजन' म्हणतात. एक कप मागवायचा आणि दोन-दोन तास बोलत बसायचं, कुणी उठवत नाही. या गप्पांना बंगाली लोक 'अड्डा' म्हणतात. आपल्याकडे अड्डा म्हटलं की दारूचा किंवा जुगाराचा डोळ्यांपुढे येतो. तिकडे तो अर्थ नाही. आपल्या गावचा पार किंवा चावडीचा कट्टा, तसा त्यांचा अड्डा.

या जागेचं जुनं नाव अल्बर्ट हॉल. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या अल्बर्टचं नाव त्याला दिलेलं. ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या पुढाकारानं १८७६ साली तो सुरू झाला. हे केशवचंद्र आपल्यालाही परके नाहीत. ते मुंबईला येऊन गेले आणि त्यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला.

अल्बर्ट हॉल ही सभेची जागा होती. १८७६ च्या जुलै महिन्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आनंदमोहन बोस यांनी 'इंडियन असोसिएशन' ही संस्था इथल्याच सभेत स्थापन केली. १८८३ साली देशभरातल्या प्रतिनिधींची एक परिषदही इथंच भरली. मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली ती त्यानंतर दोन वर्षांनी, १८८५ साली. म्हणजे कॉफीचा पहिला कप येण्याच्या कितीतरी आधीपासून या जागेत माणसं एकत्र बसून बोलत होती.

कॉफी विकायला दुकान कशाला लागलं?

आता कॉफी इथवर कशी आली ते बघू. कॉफीचं झाड मूळचं आपलं नाही. बाबा बुदन नावाचे एक सूफी संत सतराव्या शतकात हजला गेले आणि परत येताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया घेऊन आले, अशी गोष्ट सांगतात. कर्नाटकात चिकमंगळूरजवळच्या डोंगरावर त्यांनी त्या लावल्या. त्या डोंगराला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात. पुढे इंग्रजांच्या काळात कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरांत कॉफीचे मोठे मळे झाले.

माल पिकत होता, पण तो जायचा परदेशात. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली आणि भाव कोसळले. मळेवाल्यांपुढे प्रश्न आला, एवढी कॉफी प्यायची कुणी? दक्षिणेत घरोघरी कॉफी होती. पण बाकीच्या देशात लोक चहाकडे वळलेले. आपल्याकडे कांद्याचा भाव पडला की कसं होतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

मग कॉफीवर एक उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून कॉफीचा प्रचार करायला एक समिती नेमली गेली. समितीनं ओळखलं की नुसत्या जाहिरातीनं भागणार नाही. लोकांना चव लागली पाहिजे, म्हणून स्वतःची कॉफी हाऊसं काढली. त्यातलं पहिलं आपल्या मुंबईत, चर्चगेटला, १९३६ साली सुरू झालं. पुढे समितीच्या जागी कॉफी बोर्ड आलं आणि एकेका शहरात कॉफी हाऊसं वाढत गेली. १९४२ साली कोलकात्याच्या अल्बर्ट हॉलमध्येही ते सुरू झालं.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. ही दुकानं सरकारी बोर्डाची होती. वाढपी, स्वयंपाकी, भांडी घासणारा, सगळे पगारी नोकर. दुकान कशासाठी आहे, हे ठरवणारे वेगळेच होते. त्यांच्या दृष्टीनं दुकान म्हणजे कॉफीची जाहिरात. जाहिरातीचं काम झालं की दुकानाची गरज संपली.

नोकर मालक झाले तेव्हा

१९५० नंतरच्या वर्षांत तसंच झालं. बोर्डाचं धोरण बदललं आणि कॉफी हाऊसं बंद करायचं ठरलं. ज्यांनी वीस-वीस वर्षं कप उचलले, त्यांच्या नोकरीवर गदा आली. या कामगारांची संघटना होती. केरळचे कम्युनिस्ट नेते आणि लोकसभेचे खासदार ए. के. गोपालन त्यांच्या पाठीशी होते. लोक त्यांना एकेजी म्हणत. नोकरी वाचवा ही मागणी तर होतीच. पण गोपालन यांनी कामगारांना आणखी एक वाट दाखवली. बोर्डाला दुकानं चालवायची नाहीत ना, मग ती आमच्या ताब्यात द्या, आम्ही चालवतो.

विचार करा, किती अवघड वाटलं असेल. ट्रे उचलण्यात हयात गेलेल्या माणसाला उद्यापासून हिशेब बघायचा, माल उधारीवर आणायचा, पगार वाटायचा आणि तोटा झाला तर तोही सोसायचा. "आपल्याला जमेल का?" हा प्रश्न त्यांच्याही मनात आलाच असणार. आपल्या गटाचं पहिलं बँक कर्ज मंजूर झालं त्या रात्री आपल्या मनात आला होता, तोच.

पण त्यांनी ते केलं. १९ ऑगस्ट १९५७ ला बंगळुरूमध्ये कॉफी कामगारांची पहिली सहकारी संस्था सुरू झाली. त्याच वर्षी दिल्लीची झाली. ८ मार्च १९५८ ला केरळमधल्या त्रिशूरला कामगारांच्या कॉफी हाऊसचं उद्घाटन स्वतः गोपालन यांनी केलं. तारीख बघा, आपल्या महिला दिनाची. आधी नाव होतं 'इंडिया कॉफी हाऊस', कामगारांनी केलं 'इंडियन कॉफी हाऊस'. अक्षर एकच वाढलं, पण मालक बदलले.

या संस्था कशा चालतात ते आपल्याला पटकन समजेल. जो तिथं काम करतो तो सभासद. प्रत्येक सभासदाचा भाग असतो. सभासद आपल्यातून संचालक निवडतात. भाग कितीही असोत, मत एकालाच एक. वर्षाला सर्वसाधारण सभा, हिशेबाची तपासणी आणि नफ्यातून आधी राखीव निधी. स्वयंपाकघरात भांडी घासायला लागलेला मुलगा पुढे वाढपी होतो, मग गल्ल्यावर बसतो आणि कधी व्यवस्थापकही होतो. आज देशात अशा तेरा संस्था आणि सुमारे चारशे कॉफी हाऊसं असल्याचं सांगितलं जातं. केरळात ती गावोगाव आहेत. जबलपूरच्या संस्थेची कॉफी हाऊसं मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये जागोजाग दिसतात.

गिऱ्हाईक उभं राहिलं

आता परत कोलकात्याला येऊ. १९५८ साली तिथलं कॉफी हाऊस बंद करायचा निर्णय झाला. तेव्हा धावून आले ते गिऱ्हाईक. प्रेसिडेन्सी कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला की ही जागा वाचवा. त्याच वर्षी कॉफी हाऊस पुन्हा उघडलं. आज तेही कामगारांची सहकारी संस्था चालवते.

प्राध्यापकांना कॉफी दुसरीकडे मिळाली नसती का? मिळाली असती. पण ती बसायची जागा मिळाली नसती. खिशात थोडे पैसे असलेला विद्यार्थी आणि नावाजलेला लेखक शेजारच्या टेबलांवर बसू शकत होते. तिथं मासिकांची जुळणी झाली, नाटकांची चर्चा झाली, राजकारणावर भांडणं झाली. मन्ना डे यांची मराठी गाणी आपण रेडिओवर ऐकली आहेत. त्यांनी बंगालीत या कॉफी हाऊसवर एक गाणं गायलं आहे. रोज इथं बसणारे मित्र कुठे कुठे पांगले, कुणाचं बरं झालं, कुणाचं वाईट, असं ते गाणं. बंगाल्यांना ते तोंडपाठ असतं. चहाच्या टपरीला लोक विसरतात. जिथं आयुष्यातली चार वर्षं बसून काढली, त्या जागेवर गाणं होतं.

इथं आम्हाला आपलं काहीतरी आठवतं. आपल्या गावात पुरुषांना बसायला पार आहे, देवळाची ओसरी आहे, सलूनचा बाकडा आहे. बाईनं बसावं अशी जागा कोणती? पाण्यावर जायचं ते काम, दळणाला जायचं ते काम. रिकाम्या हातानं बसलेली बाई दिसली की लोक विचारतात, "काय गं, काम नाही का?" त्या अकरा जणींच्या केंद्रात मात्र आठवडे बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या बायका पिशव्या बाजूला ठेवून अर्धा-अर्धा तास बसायच्या. दवाखान्यातून परतणाऱ्या पोरसवदा आईला तिथं बाळाला पाजता यायचं. जागा गेली तर हेही जाणार होतं. ते हिशेबाच्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कॉफी हाऊसची गोष्ट सांगताना एक उणीवही सांगितली पाहिजे. जुने फोटो बघितले तर पगडी घातलेले ते सगळे वाढपी पुरुषच दिसतात. नोकर मालक झाले, पण त्या मालकांत बाई दिसत नाही. सहकार झाला म्हणजे आपोआप सगळ्यांना जागा मिळते असं नाही. ती मागावी लागते.

भिंती कुणाच्या, भार कुणावर

कामगार मालक झाले तरी इमारतीचं दुखणं सुटलं नाही. जुन्या इमारतीचा मान मोठा, तसा खर्चही मोठा. २००६ च्या सुमारास कोलकात्याच्या संस्थेकडे दुरुस्तीला पैसा नव्हता. काही कंपन्या पुढे आल्या, आम्ही दुरुस्त करून देतो म्हणाल्या. पण त्यांच्या अटी संस्थेला पटल्या नाहीत आणि संस्थेनं नाही म्हटलं. गळक्या छपराखाली बसून फुकटच्या मदतीला नाही म्हणायला हिंमत लागते. आधी विचारायचं, बदल्यात काय मागताय?

बंगळुरूला वेगळंच झालं. तिथल्या महात्मा गांधी रोडवर कॉफी हाऊस पन्नास वर्षं होतं. इमारत मात्र दुसऱ्याची. मालकाशी वाद झाला, कोर्टात गेला आणि २००९ साली जागा सोडावी लागली. शेवटच्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांनी गर्दी केली. पण कॉफी हाऊस संपलं नाही. जवळच्याच चर्च स्ट्रीटवर ते पुन्हा सुरू झालं. तीच कॉफी, तोच डोसा, तेच पगडीवाले वाढपी. दिल्लीचंही तसंच. कॅनॉट प्लेसमधली जुनी जागा गेली आणि आज ते मोहन सिंग प्लेस या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे.

सगळीकडे सगळं गोड झालं असंही नाही. चकचकीत नवी कॉफीची दुकानं आली. तरुण मुलं तिकडे वळली. काही ठिकाणी तोटा वाढला, काही कॉफी हाऊसं कायमची बंद झाली. नुसत्या आठवणींवर दुकान चालत नाही. गिऱ्हाइकाला आजचा कपही गरमच लागतो.

आपण काय घ्यायचं?

ही गोष्ट सांगून झाल्यावर आम्ही त्या गटाबरोबर वही उघडून बसलो. चार गोष्टी ठरल्या. तुमच्याही गटाला त्या उपयोगी पडतील.

पहिली, जागेची. जागा कुणाचीही असो, भावकीतली असो की ओळखीची, भाडेकरार लेखी करायचा आणि दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नोंदणी करायची. मुदत किती, भाडं किती, अनामत किती आणि जागा सोडायची तर किती महिने आधी सांगायचं, हे त्यात स्पष्ट हवं. भाडं बँकेतून द्यायचं किंवा पावती घ्यायची. ग्रामपंचायतीची जागा असेल तर ठरावाची नक्कल आपल्या फाइलला लावायची.

दुसरी, दुरुस्तीची. दुसऱ्याच्या भिंतीला आपला पैसा लावण्याआधी विचारायचं, हा पैसा भाड्यातून वळता होणार का? होणार असेल तर तेही करारात लिहायचं. जे उचलून नेता येतं, म्हणजे शेगडी, भांडी, टेबलं, फ्रीज, त्यावर आधी खर्च करायचा. भिंतीवर शेवटी.

तिसरी, राबणाऱ्या हातांची. ही सगळ्यात अवघड होती. कॉफी हाऊसमध्ये जो राबतो तोच सभासद असतो. आपल्या गटात सगळ्या सभासद, पण रोज राबणाऱ्या थोड्या. म्हणून असं ठरलं की रोज काम करणाऱ्यांची मजुरी आधी काढायची, तीही गावातल्या चालू दरानं. मग राखीव निधी. त्यानंतर जो नफा उरेल तो अकरा जणींत. हे ठरवताना दोघी रुसल्या, एक जण बैठकीतून उठून गेली. पण तिसऱ्या बैठकीला ती परत आली आणि ठरावावर सगळ्या अकरा सह्या झाल्या.

चौथी, गिऱ्हाइकांची. आपलं दुकान आपल्या गावाला आपलं वाटतं का? उद्या ते बंद पडलं तर अर्ज घेऊन कोण येईल? नावं आठवत नसतील तर कुठेतरी चुकतंय.

आता त्या अकरा जणींचं सांगतो. वाडा सुटला. मालकांशी भांडण झालं नाही. त्यांनी बोलून एक महिना वाढवून दिला, पण घातलेला पैसा परत मिळाला नाही. पत्रे, ओटा, नळ तिथंच राहिलं. जागा सोडली त्याच आठवड्यात थांब्याच्या पलीकडे एका हातगाडीवर मिसळ सुरू झाली. पावसाळ्यात वर ताडपत्री बांधली. पहिल्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीचे कंडक्टर उतरले आणि नेहमीसारखं "दोन कट, एक बिनसाखर" म्हणाले. त्या तिघींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता एक नवी जागा बघणं चाललंय. दोन खोल्या आहेत, छप्पर चांगलं आहे. या वेळी कराराचा मसुदा आधी बैठकीत वाचला गेला, एकेक कलम मोठ्यानं. त्यात आक्कांनी एक गोष्ट आवर्जून घालायला लावली. पुढच्या बाजूला बायकांना बसायला दोन बाकडी ठेवायची आणि तिथं बसायला काही विकत घ्यावंच लागेल असं नाही.

त्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर असं हळूहळू मिळतंय. इमारत मालकांची. दुकान राबणाऱ्यांचं. आणि बसायची जागा जो येईल त्याची. हे तिन्ही हिशेब वेगळे मांडायला आम्ही शिकतोय.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही हा प्रश्न एकदा विचारून बघा. थोडी आदळआपट होईल, होऊ द्या. इतिवृत्तात मात्र सगळं लिहून ठेवा.

चला, पुन्हा भेटू. नमस्कार.